पडदा मोठा, अक्षर अंधुक

दिवाळी सरली की कुरखेड्याच्या परिसरात धानाची मळणी सुरू होते आणि पेढ्यांवरील माणसांना उसंत राहत नाही. सती नदीच्या काठी वसलेले हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवती जंगल आणि जंगलाला लागून धानाची बांधी, अशी येथील रचना आहे. काट्याची पावती, बारदान्याचा हिशेब, गाडीभाडे, हमाली आणि ज्याच्याकडून माल घेतला त्याच्या खात्यात पाठवायची रक्कम, अशी नोंदीमागून नोंद होत राहते. पूर्वी हे सारे रोजमेळात व खतावणीत उतरत असे. आता ते लॅपटॉपच्या पडद्यावर उतरते.

अशाच एका पेढीचे चित्र कल्पनेपुढे आणावे. धान आणि किराणा असा दुहेरी व्यापार आहे. गादीवर साठी ओलांडलेले वडील, बाहेरचे व्यवहार पाहणारा मुलगा आणि संगणकावरील हिशेब सांभाळणारी सून. वडिलांना लॅपटॉपवरील आकडे नीट दिसेनासे झाले, तेव्हा मुलाने नागपूरहून २४ इंचांचा मॉनिटर आणला. मोठ्या हौसेने तो जोडला. पडदा उजळला, चित्र आले. पण अक्षरांच्या कडा पाण्यात भिजल्यासारख्या फुगलेल्या दिसू लागल्या. ३ आणि ८ यांतला फरक कळेना. वडील चष्मा पुसून पुन्हा बसले आणि म्हणाले, "यापेक्षा लॅपटॉपच बरा होता." मुलाचा संशय विक्रेत्यावर गेला. "बाबूजी, जुना माल गळ्यात मारला त्याने. उद्याच परत नेऊन देतो." ऐन हंगामात नागपूरला जाणे म्हणजे पेढीचा एक पूर्ण दिवस खर्ची घालणे. खोके पुन्हा बांधायला घेतले, तेव्हा सून म्हणाली, "बाबूजी, या खोक्यावर काय लिहिले आहे ते आधी पाहू या का?"

तिचा प्रश्न साधा होता. परंतु अशा प्रसंगी विचारावयाचा पहिला प्रश्न तोच असतो. बाहेरचा मॉनिटर जोडल्यावर चित्र अंधुक, ताणलेले किंवा अपुरे दिसले, तर दोष पुष्कळदा मॉनिटरचा नसतो. लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिघांचा मेळ बसलेला नसतो.

ठिपक्यांचे गणित

मॉनिटरचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. कारखान्यात तो तयार होतो तेव्हाच आडव्या व उभ्या ठिपक्यांची संख्या कायमची ठरलेली असते. या संख्येलाच रिझोल्यूशन म्हणतात. सर्वसाधारण २४ इंची मॉनिटरवर ती आडवी १९२० व उभी १०८० असते, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर ती पुष्कळदा १३६६ व ७६८ असते, म्हणजे सुमारे साडेदहा लाख. ही संख्या कोणत्याही बटणाने वाढवता वा घटवता येत नाही. आज्ञा बदलता येते ती चित्राची, पडद्याची नव्हे.

आता १३६६ ठिपक्यांसाठी मांडलेले चित्र १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर पसरवायचे झाले, तर चित्रातील प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला पडद्यावरचे सुमारे १.४ ठिपके येतात. अर्धा ठिपका उजळता येत नाही. म्हणून मॉनिटर शेजारच्या ठिपक्यांना मधलाच फिकट रंग देऊन वेळ मारून नेतो. १५ ठिपक्यांची रांगोळी २१ ठिपक्यांच्या जाळीवर ओढून बसवू पाहिली, तर रेषा ठिपक्यावर न पडता दोन ठिपक्यांच्या मधोमध पडते; तसाच हा प्रकार आहे. छायाचित्रात किंवा चित्रपटात तो फारसा जाणवत नाही. अक्षरात आणि आकड्यात मात्र लगेच जाणवतो, कारण अक्षर म्हणजे केवळ कड असते.

यातून पहिला नियम निघतो. मॉनिटरचे जे मूळचे रिझोल्यूशन असेल, नेमके तेच लॅपटॉपने पाठवले पाहिजे. ते खोक्यावर, माहितीपुस्तिकेत किंवा उत्पादकाच्या तपशिलात छापलेले असते. प्रथम तो आकडा कागदावर लिहून घ्यावा. जमाखर्च तपासताना आरंभीची शिल्लक जशी आधी निश्चित करतात, तसेच हे आहे.

तिघांच्या सह्या

बँकेतील मोठ्या कर्जप्रकरणावर तीन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत असतील, तर ज्याची मर्यादा सर्वांत कमी, तिथे प्रकरण अडते. चित्राचेही तसेच आहे. लॅपटॉपमधील चित्र तयार करणारा भाग, मधली केबल आणि मॉनिटर, या तिघांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच पडद्यावर दिसते.

या तिघांत आधी एक ओळखपरेडही होते. मॉनिटर जोडताच तो स्वतःची ओळख लॅपटॉपला कळवतो: उत्पादक कोण, आकार किती, मूळ रिझोल्यूशन कोणते. ही पद्धत 'व्हेसा' या संस्थेने १९९४ मध्ये ठरवून दिली. त्या ओळखपत्राचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा आहे. एवढी इवलीशी चिठ्ठी पोहोचली तर लॅपटॉप योग्य रिझोल्यूशन आपणहून निवडतो. निकृष्ट केबलमध्ये ती वाहून नेणारी तारच नसेल, वाकलेल्या पिनेमुळे ती तुटली असेल किंवा मध्येच लावलेल्या एखाद्या उपकरणाने ती अडवली असेल, तर लॅपटॉपला समोर कोण आहे हेच कळत नाही. मग तो सावध पाहुण्यासारखा वागतो आणि १०२४ बाय ७६८ असे जुन्या काळचे, सर्वांना झेपणारे रिझोल्यूशन पाठवतो. रुंद पडद्यावर ते ताणले जाऊन गोल शून्य आडवे पसरते.

केबलींचेही वय असते. निळ्या टोकाची, १५ पिनांची व्हीजीए केबल १९८७ मध्ये आयबीएमच्या संगणकांबरोबर आली. ती चित्र आकड्यांच्या रूपात न नेता विद्युतदाबाच्या चढउतारात नेते. म्हणून लांबी वाढली किंवा केबल हलकी असली की अक्षरांना सावली येते. एचडीएमआय केबलीचे पहिले मानक २००२ च्या अखेरीस आले. तिच्यातून चित्र आकड्यांच्याच रूपात जात असल्यामुळे ही सावली येत नाही. दोन्ही बाजूंना एचडीएमआयचे तोंड असूनही निव्वळ जुनी केबल घरात पडून आहे म्हणून व्हीजीए वापरणे, हा काटकसरीचा चुकीचा अर्थ होय. केबलीचा खर्च शेकड्यांत असतो, मॉनिटरचा हजारांत.

तपासण्याचा क्रम

तक्रार करण्यापूर्वी किंवा खर्च करण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण आरंभीच्या पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

पहिली पायरी, जोडणीचा प्रकार. कळफलकावरील विंडोज चिन्हाची कळ दाबून धरून 'पी' दाबावा. समोर चार पर्याय येतात. त्यांत 'डुप्लिकेट' निवडलेला असेल, तर दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जाते आणि ते दोघांनाही झेपेल असे निवडले जाते. म्हणजे बहुधा लॅपटॉपच्या लहान पडद्याचे. कुरखेड्याच्या त्या पेढीवर हेच घडले होते. 'एक्स्टेंड' निवडले की दोन्ही पडदे स्वतंत्र होतात आणि प्रत्येकाला आपापले रिझोल्यूशन मिळते. लॅपटॉपचा पडदा वापरायचाच नसेल, तर 'सेकंड स्क्रीन ओन्ली' हा पर्याय आहे.

दुसरी पायरी, रिझोल्यूशन. मोकळ्या पडद्यावर माउसची उजवी कळ दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. वर १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. त्यांपैकी बाहेरच्या मॉनिटरचा चौकोन आधी निवडावा. पुष्कळजण हे विसरतात आणि लॅपटॉपचेच रिझोल्यूशन बदलत बसतात. मग 'डिस्प्ले रिझोल्यूशन'च्या यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिले असेल, तो कागदावर टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. जुळत असेल तर तोच निवडावा. न जुळल्यास ओळखपत्र नीट पोहोचलेले नाही असे समजून पुढच्या पायरीकडे वळावे.

तिसरी पायरी, केबल. मॉनिटर बंद करून केबल दोन्ही टोकांनी काढावी, पिना पाहाव्यात, घट्ट बसवावी आणि मॉनिटर पुन्हा सुरू करावा. नंतर दुसरी केबल लावून पाहावी. शेजारच्या दुकानातून घटकाभर मागून आणलेली केबलही निदानाला पुरते.

चौथी पायरी, ड्रायव्हर. लॅपटॉपमध्ये विंडोज नव्याने भरल्यानंतर ही अडचण हमखास येते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले ॲडाप्टर्स' या शीर्षकाखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' असे नाव दिसले, तर चित्र तयार करणाऱ्या भागाचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, असे समजावे. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या अधिकृत स्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर फुकट' अशा जाहिरातींच्या मागे लागू नये. ज्या यंत्रावरून पेढीचे बँक व्यवहार होतात, त्यात अनोळखी माल भरणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूच्या हाती देणे.

पाचवी पायरी, मधले उपकरण. यूएसबी-सीचे तोंड दिसले म्हणजे त्यातून चित्र जातेच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये त्या तोंडातून केवळ माहिती व वीज जाते. चित्राची सोय असल्यास तोंडाजवळ बहुधा डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह असते. खात्री मॉडेलच्या तपशिलातूनच करावी. जुन्या चौकोनी यूएसबीतून एचडीएमआय काढून देणारे उपकरण हा वेगळाच प्रकार आहे. १९२० बाय १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट या हिशेबाने पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८ कोटी बिटांची आहे. म्हणून असे उपकरण चित्र दाबून लहान करते आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो बसवला नाही तर पडदा काळाच राहू शकतो.

एका मॉनिटरचे दोन करायचे असतील, तरी हाच विचार लागू होतो. एचडीएमआयची एक वाट दोन करणारा स्प्लिटर एकच चित्र दोनदा दाखवतो; दोन स्वतंत्र पडदे देत नाही. शिवाय लॅपटॉप किती बाह्य पडदे पेलतो, हे त्याच्या घडणीवर ठरते. ॲपलचा २०२० चा एम१ मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाह्य मॉनिटर चालवतो. दुसरा विकत घेण्याआधी ही मर्यादा पाहावी.

मॉनिटरऐवजी दूरचित्रवाणी संच जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. प्रसारणाच्या जुन्या रिवाजामुळे काही संच चित्र किंचित मोठे करून कडा कापतात. मग खालची पट्टी अर्धी नाहीशी होते. त्याचा उपाय लॅपटॉपवर नसून संचाच्या चित्र-मेनूत असतो. तिथे 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा नावाचा पर्याय सापडतो.

लहान अक्षरांवरचा चुकीचा उपाय

पेढीवर सुनेने 'एक्स्टेंड' निवडले, १९२० बाय १०८० लावले आणि आकडे सुईने कोरल्यासारखे स्वच्छ झाले. वडील पुढे वाकले. "आता स्वच्छ आहे बेटा, पण फार बारीक झाले." हे ऐकताच मुलाने रिझोल्यूशन पुन्हा खाली आणले. अक्षरे मोठी झाली आणि पुन्हा भिजली.

घरोघरी होणारी चूक ती हीच. ज्येष्ठांना अक्षर लहान दिसते म्हणून घरातील तरुण मंडळी प्रेमाने रिझोल्यूशन कमी करून देतात. ज्या डोळ्यांना स्पष्टतेची सर्वाधिक गरज, त्यांच्याच पुढे सर्वांत अंधुक चित्र ठेवले जाते. मग चष्म्याचा नंबर वाढल्याचा संशय येतो, मॉनिटर वाईट ठरतो आणि ज्येष्ठ माणूस पडद्यापासून हळूहळू दूर होतो.

खरा उपाय त्याच पानावर, रिझोल्यूशनच्या वरच्या ओळीत असतो. त्याचे नाव 'स्केल'. रिझोल्यूशन मूळचेच ठेवून स्केल १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठे होते, पण ते मोठे करताना अधिक ठिपके वापरून नव्याने रेखले जाते. ताणले जात नाही. लहान अक्षराची झेरॉक्स मोठी काढणे आणि तेच अक्षर मोठ्या टाकाने पुन्हा लिहिणे, यांत जो फरक आहे तोच येथे आहे.

दोन पडद्यांचे स्केल वेगवेगळे ठेवता येते आणि ठेवावेही. १४ इंची लॅपटॉपवर १९२० आडवे ठिपके असतील, तर इंचाला सुमारे १५७ ठिपके पडतात. तेच ठिपके २४ इंची मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ होतात. म्हणून लॅपटॉपवर १५० टक्के आणि मॉनिटरवर १०० किंवा १२५ टक्के, अशी विभागणी बहुधा जमते. ही सोय विंडोजमध्ये २०१३ च्या ८.१ या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वीच्या घडणीचे एखादे हिशेबाचे सॉफ्टवेअर एका पडद्यावरून दुसऱ्यावर ओढले की अंधुक होते. तसे झाल्यास एकदा साइन आउट करून पुन्हा आत यावे. तरीही न सुधारल्यास त्या सॉफ्टवेअरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'कम्पॅटिबिलिटी' या भागात उच्च डीपीआयसंबंधीचा पर्याय आहे, तो वापरून पाहावा.

मॉनिटर ठेवण्याची जागाही पाहावी. तो हातभर अंतरावर असावा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि मागे उघडी खिडकी नसावी. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांनी तो आणखी थोडा खाली घ्यावा, म्हणजे खालच्या भिंगातून वाचण्यासाठी मान मागे टाकावी लागत नाही.

आकडा का स्पष्ट हवा

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. धानाचा दर चुकीचा वाचला तर व्यापाऱ्याच्या तो तत्काळ लक्षात येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली; तिथे कोणी २,८६९ वाचले तर सारी पेढी हसेल. जीएसटी क्रमांकही काही अंशी स्वतःची राखण करतो. त्याच्या १५ अक्षरांतील शेवटचे अक्षर पडताळणीसाठीच असते. आयएफएससीच्या ११ अक्षरांत पाचवे नेहमी शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' टंकला गेला तर तो शोधता येतो.

खाते क्रमांकाला मात्र चेहरा नसतो. त्यातील ३ चा ८ झाला, तर नुसत्या डोळ्यांना काहीच खटकत नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम दीर्घकाळ केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा होत आली. पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थ्याचे नाव पडद्यावर पाहता यावे, अशी सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने त्यासाठीच दिला. ही सोय अवश्य वापरावी. पण दाखवलेले नावही शेवटी पडद्यावरच वाचायचे असते. हंगामभर राबून धान घातलेल्या शेतकऱ्याची रक्कम परक्या खात्यात गेली, तर ती परत मिळेपर्यंतचे दिवस त्याने कसे काढावेत? चूक पडद्याची होती, हे उत्तर त्याला देता येत नाही.

दुसरे कारण याहून मोठे आहे. आकडे दिसेनासे झाले की वडीलधारी माणसे ते बोलून दाखवत नाहीत. "तुम्हीच पाहा आता" म्हणतात आणि गादीवर मागे टेकतात. पेढीला मिळालेली चाळीस वर्षांची नजर अशी हलकेच वजा होते. एखाद्या नोंदीवर बोट ठेवून "हे पुन्हा मोज" म्हणणारे कोणी उरत नाही.

खरेदीपूर्वीचे चार प्रश्न

मॉनिटर घेण्यास जाणाऱ्याने चार गोष्टी लिहून न्याव्यात: लॅपटॉपचे मॉडेल, त्याला बाहेरच्या पडद्यासाठी कोणकोणती तोंडे आहेत, त्या तोंडातून कमाल किती रिझोल्यूशन जाते आणि मॉनिटरसोबत कोणती केबल मिळते. ३८४० बाय २१६० चा, म्हणजे फोर-के मॉनिटर घ्यायचा असेल तर तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. २००९ च्या एचडीएमआय १.४ मानकात हे चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळाच जाते, त्यामुळे माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. ६० वेळा जाण्याची सोय २०१३ च्या २.० मानकापासून झाली. हिशेबाच्या कामासाठी २४ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० पुरेसे असते. गरजेपेक्षा अधिक ठिपक्यांना पैसे मोजून ते केबलीत अडकवण्यात शहाणपण नाही.

कुरखेड्याच्या त्या पेढीवर मॉनिटरचे खोके अखेर माळ्यावर गेले. सुनेने रिझोल्यूशन पुन्हा मूळच्या आकड्यावर आणले आणि स्केल १२५ वर ठेवले. रात्री दुकान वाढवताना तिने दिवसाच्या देयकांची यादी उघडली. वडिलांनी खुर्ची पुढे ओढली, हातातील काट्याच्या पावत्या पडद्यावरील नोंदींशी ताडून पाहिल्या आणि सातव्या ओळीवर बोट ठेवले. "सूनबाई, हा खाते क्रमांक पुन्हा एकदा वाच."